खुबा मोडला : स्क्रू, रॉड की नवा बॉल?

‘आजीचा खुबा मोडला’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा मांडीच्या हाडाची मान मोडलेली असते, नाहीतर मानेखालचा रुंद भाग. अंतर दोन-तीन इंचांचं, पण शस्त्रक्रिया कोणती हे त्यावरच ठरतं. खुब्याच्या बॉलला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या तुटतात आणि बॉल उपाशी मरू शकतो. खालच्या भागाला रक्त भरपूर मिळतं. तिथलं हाड जुळतंच. प्रश्न असतो तो वाकडं जुळण्याचा.

१९२५ साली बोस्टनमध्ये सर्जन स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांचा खिळा मानेतून बॉलमध्ये ठोकला. त्याआधी वजन लावून महिनोन्‌महिने झोपवून ठेवायचे, आणि म्हातारी माणसं मोडलेल्या हाडापेक्षा न्यूमोनियाने आणि पाठीच्या जखमांनी जायची.

मान मोडली पण सरकली नसेल, तर आज सहसा तीन स्क्रू पुरतात. २०१७ साली ‘फेथ’ चाचणीने पन्नाशीपुढच्या सुमारे अकराशे रुग्णांत हे स्क्रू आणि प्लेटसह सरकता स्क्रू यांची तुलना केली. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखं, पाचांत एक! हाड सरकलेलं असेल आणि वय साठ-पासष्टच्या पुढे असेल, तर जोडत बसण्यापेक्षा बॉल बदललेला बरा. तरुणाचा मात्र स्वतःचा बॉल वाचवायला हवा, तोही हाड अचूक जागेवर बसवून.

नुसता बॉल बदलायचा की वाटीसकट पूर्ण सांधा? ‘हेल्थ’ चाचणीत (२०१९) दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेचं प्रमाण दोन्हींकडे आठ टक्क्यांच्या आसपास राहिलं. पूर्ण सांध्याने हालचाल किंचित सुधारली, पण सांधा निखळण्याचे प्रकार वाढले. तेव्हा घरातल्या घरात काठीने फिरणाऱ्या आजोबांना पूर्ण सांध्याचा आग्रह कशासाठी? नवा बॉल सिमेंटने बसवावा की नाही, याचं उत्तर २०२२च्या ब्रिटिश चाचणीने बऱ्यापैकी स्पष्ट दिलं : साठीपुढच्या रुग्णांत सिमेंट सरस.

मानेखालच्या मोडीत सामना प्लेट आणि रॉडचा. प्लेटमधला स्क्रू सरकतो, त्यामुळे चालताना तुटलेले तुकडे एकमेकांवर दाबले जातात. रॉड हाडाच्या पोकळीत बसतो, भार आतून पेलतो. उलट्या तिरक्या किंवा आणखी खालच्या मोडीत रॉडच हवा. साध्या, स्थिर मोडीत मात्र प्लेट तितकीच चांगली आणि स्वस्त. तरी हल्ली सरसकट रॉड घातला जातो. मला यात पुराव्यापेक्षा सवय आणि बाजार जास्त दिसतो. सुरुवातीच्या ‘गामा’ नावाच्या रॉडच्या टोकाशी हाड नव्याने मोडायचं, हेही विसरायला नको. उपकरणापेक्षा हात महत्त्वाचा, हे सर्जन बाउमगार्टनर यांनी १९९५मध्ये मोजून दाखवलं. स्क्रूचं टोक बॉलच्या शिखरापासून किती दूर आहे हे दोन एक्स-रेंवर मोजून बेरीज करायची. ती पंचवीस मिलिमीटरच्या आत राहिली, तर स्क्रू बॉल फाडून बाहेर येण्याची शक्यता फार कमी.

वेळेचं काय? निदानानंतर साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया केल्याने मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत, हे ‘हिप अटॅक’ चाचणीत (२०२०) दिसलं. पण भ्रम कमी झाला आणि रुग्ण लवकर उभे राहिले.

घरात असा प्रसंग आलाच, तर इम्प्लांटच्या कंपनीची चौकशी नंतर करा. आधी डॉक्टरांना विचारा : मोड कुठली, ऑपरेशन आज की उद्या, आणि पेशंटला उभं कधी करणार? घरी सोडण्यापूर्वी हाडांच्या ठिसूळपणावरचं औषधही लिहून घ्या.