गाडीला गंज, जिवाला घोर



आता खेडोपाडी मोटारसायकल आली आहे. कोणी तिच्यावरून दूध घालायला जातो, कोणी बाजाराला, कोणी लांबच्या गावी देवदर्शनाला. गाडी आपल्याला रोज वाहून नेते. पण आपण तिची विचारपूस कधी करतो? ती बंद पडली म्हणजे!

माझीच गोष्ट सांगतो. चूक माझीच होती.

माझे घर गुहागरजवळ, समुद्राच्या काठी. एके वर्षी पावसाळा संपल्यावर मी आणि आमची मंडळी गाडीने कराडला मुलीकडे गेलो. परत येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. एका वळणावर पुढचा ब्रेक दाबला, तो दांडी एकदम सैल पडली. ब्रेकची वायर तुटली होती! मागचा ब्रेक शाबूत होता, म्हणून निभावलं. गिअर खाली आणला आणि डोंगराच्या कडेला कशीबशी गाडी थांबवली. मंडळी मागून म्हणाल्या, "अहो, इथं का थांबलात?" माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एका टेम्पोवाल्याने आम्हाला गाडीसकट चिपळूणला पोचवले. तिथल्या मेकॅनिकने वायरचे टोक माझ्यापुढे धरले. ती वायर बारीक तारांना पीळ देऊन केलेली असते. बहुतेक तारा गंजून लाल झाल्या होत्या. फक्त दोन-तीन चकचकीत होत्या. तो म्हणाला, "गुरुजी, ही आज नाही तुटली. चार महिने तुटत होती. आज फक्त संपली."

गंज म्हणजे काय?

लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज धरतो. मिठाने हे काम फार लवकर होते. म्हणून समुद्रकाठच्या गाड्या लवकर गंजतात.

घरी करून पाहा. तीन नवे खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा. दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवा. तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवा. चार-आठ दिवसांनी पाहिलंत, की मी काय म्हणतो ते कळेल.

गंजाची आणखी एक खोड आहे. तो फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. मग आतले ताजे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. म्हणून रंगाला फुगवटा दिसला की खाली गंज आहे असे समजावे.

उपाय काय?

पावसातून किंवा समुद्रकाठाहून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा आणि फडक्याने कोरडी करा. ओली गाडी प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवू नका. आत दमटपणा कोंडतो.

रंग उडून गंज दिसला तर पॉलिश पेपरने घासा. पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासा. मग पुसून रेड ऑक्साइड लावा. ते वाळले की वर रंग द्या. गंजावरच रंग फासला तर आतला गंज तसाच वाढत राहतो.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि टाकी आतून गंजते.

चेन रॉकेलच्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि तिला चेनचे तेल द्या. मात्र इंजिन बंद ठेवूनच! चालत्या चेनला फडके लावल्याने बोटे गेलेली आहेत. चेन मधोमध वरखाली हलवून पाहा. पुष्कळ गाड्यांत ती सुमारे एक इंच हलावी लागते. फार ताणलेली वाईट आणि फार सैलही वाईट.

ब्रेकवर तेल कधीही जाऊ देऊ नका. तेलाने ब्रेक घसरतो. ब्रेकच्या वायरची एक जरी तार तुटलेली दिसली, तरी वायर बदलून घ्या. नवी वायर फार महाग नसते.

लांबच्या प्रवासाआधी चाकांतली हवा, इंजिनातले तेल, दिवे, दोन्ही ब्रेक आणि सैल नट पाहून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

वहीत लिहा

गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. किती हवा भरावी, चेन किती सैल असावी, तेल कधी बदलावे, हे तिच्यात लिहिलेले असते. इतके दिवस ती फळीवर पडून होती. आता तुम्हाला वाचता येते. ती खाली काढा. रोज एक पान वाचा.

आणि एक वही करा. तारीख, गाडी किती किलोमीटर चालली, काय दुरुस्त केले, एवढे लिहा. मी सारा जन्म मुलांना म्हणत आलो, "लिहून ठेवा रे!" पण माझ्या गाडीची वायर कधी बदलली होती, ते मेकॅनिकने विचारले तेव्हा मला सांगता आले नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी वही केली. तिची पहिली ओळ अशी आहे: 'पुढच्या ब्रेकची वायर नवी घातली.'

काट्याचा नायटा होतो, असे आपण म्हणतो. काटा दिसला तेव्हाच काढावा. मागे बसलेल्या माणसाचा जीव आपल्या हातात असतो.