व्यसनी आरोपी आणि न्यायासन

माळव्याची काळी माती आणि अफू यांची संगत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या अफूच्या पेट्या मुंबईमार्गे चीनकडे जात आणि त्या व्यापारावर इंदुरातल्या कित्येक पेढ्या पोसल्या. आजही नीमच, मंदसौर, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतले जाते. परवान्याच्या आडोशाने चोरटी वाटही वाहते, आणि त्या वाटेने आलेली पुडी एखाद्या पांढरपेशा घराच्या उंबरठ्याशी पोहोचली, की ते घर आधी दार लावून घेते.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कठोर म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो तसा आहेच. परंतु याच कायद्याच्या ३९ व्या कलमान्वये सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसास न्यायाधीश तत्काळ शिक्षा न देता, त्याचे वय, चारित्र्य, पूर्ववृत्त व प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, जातमुचलक्यावर मान्यताप्राप्त संस्थेत उपचारासाठी सोडू शकतात. उपचाराचा अहवाल वर्षाच्या आत न्यायालयापुढे यावा लागतो. तो समाधानकारक नसेल तर शिक्षा आहेच. कलम ६४-अ त्याहून उदार आहे. तसाच आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेईल, तर त्याच्यावर खटलाच चालत नाही. मात्र उपचार अर्धवट टाकल्यास हे संरक्षण काढून घेता येते.

मग ही कलमे आपल्या कानी का येत नाहीत? आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांसमवेत आम्ही काही वेळा जिल्हा न्यायालयात गेलो होतो. वडिलांचा एकच हेका: "आमचा मुलगा व्यसनी नाहीच, असे सांगा." कुलशीलाची ही चिंता आम्हांस समजते. परंतु जो व्यसनीच नाही, त्याला व्यसन्यासाठी असलेले कलम कसे लागू व्हावे? अर्थात, न्यायालयात काय कबूल करावे हे वकिलाच्या सल्ल्यानेच ठरवावे. तो सल्ला नीट मिळायचा, तर वकिलापाशी तरी घराने खरे बोलले पाहिजे.

दुसरी अडचण तराजूची. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉईन ५ ग्रॅम, अफू २५ ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हीरासिंग प्रकरणात ठरविले, की वजन शुद्ध द्रव्याचे नव्हे, भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे धरावे. विक्रेत्यांच्या बाबतीत हे योग्यच, कारण भेसळ हा त्यांचा धंदाच. पण चार दिवसांची पुडी एकदम घेऊन ठेवणारा व्यसनीही त्याच काट्यावर चढतो. पाच ग्रॅमची रेघ ओलांडली, की शिक्षेची मर्यादा एक वर्षावरून थेट दहा वर्षांवर जाते आणि उपचाराच्या सवलतीचे दारही अडते. ही रेघ फार निर्दय आहे, असे आमचे मत आहे.

दारूबाबत तर कायदा उपचारांविषयी जवळजवळ मुकाच आहे. सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद होऊन गैरवर्तन करणाऱ्यास जुन्या दंडसंहितेत चोवीस तासांची कैद किंवा दहा रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासूनच्या न्यायसंहितेत दंड हजार रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षा नव्याने आली. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट न्यायालय घालू शकते, एवढाच काय तो आधार. बिहारने २०१६ मध्ये पिणाऱ्यालाच तुरुंगाची वाट दाखवली. खटले इतके साचले, की २०२२ मध्ये प्रथमच सापडलेल्यास दंडावर सोडण्याची तरतूद करावी लागली.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने 'मुक्तांगण' उभे केले, त्याला आता चार दशके होत आली. आपल्या गावी कोठे जावे हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर चौकशी करता येते. ती अटकेच्या आधी केलेली बरी. ३९ व्या कलमातील संमती मात्र त्या मुलाचीच लागते. वडिलांच्या सहीने तेथे काम भागत नाही.