बागायतीसाठी खंडाने दिलेली जमीन आणि आदिवासी शेतकऱ्याचा संसार

तापीकाठच्या काळ्या जमिनीत केळी, पपई व ऊस ही पिके आता चांगली रुळली आहेत. त्यामुळे नंदुरबार व शहादा तालुक्यांत ओलिताच्या, किंवा ओलिताखाली आणता येईल अशा, जमिनीला खंडाने घेणारे गिऱ्हाईक सहज मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साहजिकच खंडाने जाणाऱ्या जमिनींत भिल्ल, पावरा, कोकणा, मावची खातेदारांच्या जमिनी बऱ्याच असतात. हा व्यवहार करताना खंडाची रक्कम पाहिली जाते, पण शेताबरोबर घरातून आणखी काय जाते याचा हिशेब सहसा होत नाही. या लेखात तो मांडला आहे.

कोरीट येथील शिवारफेरीत एका शेतकरी बंधूंनी विचारले, "साहेब, त्यांच्याकडे एवढी जमीन असताना माझे तीन एकर कशाला हवेत?" या प्रश्नाचे उत्तर पीकशास्त्रात आहे. पपईवर रिंगस्पॉट हा विषाणूजन्य रोग येतो. तो मावा किडीमार्फत पसरतो आणि एकदा झाड रोगट झाले की त्यावर औषध नाही. जुन्या बागेशेजारी नवी बाग लावल्यास रोग लवकर लागतो. शिवाय त्याच जमिनीत पुन्हा पपई घेतल्यास बुंधासड व सूत्रकृमी वाढतात. केळीलाही सूत्रकृमी आणि मर रोगामुळे फेरपालट लागते. म्हणून जाणकार बागायतदार ताज्या जमिनीच्या शोधात असतो. जी जमीन वर्षानुवर्षे ज्वारी, तूर, मुगाखाली राहिली, तिला त्याच्या लेखी मोल असते. म्हणजे खंड ठरवताना आपण केवळ क्षेत्र देत नसून जमिनीचे आरोग्यही देत असतो, हे ध्यानात ठेवावे.

खंडाचा घरगुती हिशेब

उदाहरणादाखल सहा माणसांचे कुटुंब व तीन एकर जमीन धरू. खंड एकरी २० हजार धरला तर वर्षाला ६० हजार रुपये हाती येतात. रक्कम लहान नाही. आता माणशी रोज ४५० ग्रॅम धान्य धरल्यास वर्षाला सुमारे १० क्विंटल धान्य लागते. रेशनवर माणशी दरमहा ५ किलोप्रमाणे साडेतीन क्विंटलच्या आसपास मिळते. उरलेले साडेसहा क्विंटल पूर्वी शेतातून येत होते, ते आता विकत घ्यावे लागते. क्विंटलला तीन हजार धरले तरी १९-२० हजार झाले. तुरीची डाळ वर्षाला ८५-९० किलो, म्हणजे आणखी दहा हजार. खंडाचा निम्मा पैसा ताटातच गेला.

कडब्याचा खर्च तर यात धरलेलाच नाही. एका बैलाला दिवसाला सहा किलो वैरण धरली तरी जोडीला वर्षाकाठी सुमारे ४४ क्विंटल लागते. ज्वारी असताना ती घरची होती. खंडानंतर ती विकत घेणे परवडत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी बैलजोडी बाजार दाखवते. शेळ्यांना कापणीनंतरचे रान मिळत नाही. बांधावरचा महू सावली करतो म्हणून तोडला जातो, आणि चैत्रातील मोहफुलांचे उत्पन्नही थांबते. घरचे बियाणे दोन-तीन हंगाम न पेरल्याने संपते.

मुदत संपल्यावर शेत परत येते, पण बैल, बियाणे आणि हाताशी असलेले भांडवल परत येत नाही. मग पुन्हा खंडाने देण्यावाचून मार्ग उरत नाही. माझ्या मते आदिवासी शेतकरी भूमिहीन होतो तो विक्रीच्या दिवशी नव्हे, तर शेत कसण्याची साधने मोडल्यापासून. पपई, केळीच्या बागेत मजुरी मिळते हे खरे आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु बाग रोगाने गेली किंवा दर पडले की मजुरी त्याच आठवड्यात बंद होते.

हा अनुभव केवळ आपला नाही. कंबोडियाच्या मोंडुलकिरी प्रांतात बुनोंग जमातीच्या फिरत्या शेतीची जमीन रबर लागवडीत गेली. पडीक दिसणारी जमीन त्यांच्या फेरपालटीचा भाग होती, हे कागदावर कोठेच नव्हते. तेथील सरकारने २०१२ मध्ये अशा नव्या सवलती देणे थांबवले.

शहाद्यापासून कायद्यापर्यंत

शहादा-तळोदा भागात कर्ज, गहाण व तोंडी व्यवहारांतून आदिवासींच्या पुष्कळ जमिनी गेल्या आणि मूळ मालक सालदार झाले. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती यांनी या प्रश्नावर लोक जागे केले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्तीसाठी मोठा मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पुढे राज्याने १९७४ चा जमीन प्रत्यार्पण कायदा केला. त्यात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरविला.

त्यानंतरच्या व्यवहारांसाठी जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस पाच वर्षांपर्यंत खंडाने किंवा गहाण द्यायची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीसाठी त्याशिवाय राज्य शासनाची मान्यता लागते. त्याच गावातील किंवा पाच किलोमीटरच्या आतील दुसरा आदिवासी जमीन घेण्यास तयार असेल तर परवानगी देता येत नाही. विनापरवाना व्यवहाराची जिल्हाधिकारी चौकशी करू शकतात व जमीन मूळ खातेदाराकडे परत येऊ शकते. मात्र ती स्वतः कसण्याची हमी त्याला द्यावी लागते. बैल व अवजारे मोडून बसलेल्यास हीच अट जड जाते, म्हणून वरचा हिशेब महत्त्वाचा.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना आपली जमीन खासगी व्यक्तींना सुलभपणे भाडेपट्ट्याने देता यावी, किमान भाडे एकरी वर्षाला ५० हजार रुपये असावे, असे जाहीर केले. घोषणा आणि अंमलात आलेला नियम यांत फरक असतो. कोणी या घोषणेचा हवाला देऊन सही मागितल्यास प्रथम तहसील कार्यालयात खात्री करावी.

वनपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसांना जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. वनविभागाच्या रोपवनासाठी कसत असलेल्या जागेवर खड्डे खोदले जात असतील आणि दावा प्रलंबित असेल, तर दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही. ग्रामसभेचा ठराव व दाव्याची पोच जपून ठेवावी.

खंडाने द्यायचेच असल्यास

सर्व जमीन एकदम देऊ नये. किमान एक एकर ज्वारी-तुरीसाठी राखावा, म्हणजे कडबा व बियाणे घरचे राहते आणि बैलजोडी टिकते. करार लेखी असावा व त्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असावी. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ नये. एकाच वेळी पाच वर्षांची उचल घेऊ नये, दर हंगामाआधी रक्कम घ्यावी. देण्यापूर्वी व परत घेताना माती परीक्षण करून सेंद्रिय कर्ब व क्षारांचे प्रमाण नोंदवावे. भारी काळ्या जमिनीत निचरा नसताना मोकाट पाणी दिल्यास ती चोपण होते. म्हणून ठिबक, दरवर्षी शेणखत आणि बांधावरची झाडे न तोडणे या अटी करारात लिहून घ्याव्यात. सातबारा दरवर्षी काढून पाहावा. इतर हक्काच्या रकान्यात अनोळखी नाव दिसल्यास लगेच तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी.

खंडाने घेणाऱ्या बागायतदार बंधूंनीही लक्षात घ्यावे की विनापरवाना जमिनीत केलेला ठिबकचा व रोपांचा खर्च कायद्याने सुरक्षित नसतो.

ज्यांना फळझाडेच हवी आहेत त्यांनी ती स्वतःच्या नावावर लावावीत. गुजरातमधील वांसदा येथे १९८२ पासून बाएफ संस्थेने आदिवासी कुटुंबांसोबत वाडी पद्धत रुजवली. १० × १० मीटरवर आंब्याची कलमे लावल्यास एकरी ४० झाडे बसतात व मधल्या पट्ट्यात धान्य, कडधान्य चालू राहते. अक्राणी भागात आमचूर करण्याची कला घरोघरी आहेच. पहिली तीन-चार वर्षे कलमांना उन्हाळ्यात मडक्याने पाणी द्यावे, शेळ्यांपासून काटेरी कुंपण करावे आणि मोहर आला तरी सुरुवातीची दोन वर्षे तो खुडून टाकावा.