माफी मागायची कुणी आणि माफ करायचे कुणी?

किम उन-सूक ही दक्षिण कोरियातील नामवंत पटकथालेखिका. तिच्या शाळकरी मुलीने एकदा तिला विचारले, की मी कुणाला मरेस्तोवर मारून घरी आले तर तुला जास्त वाईट वाटेल, की मरेस्तोवर मार खाऊन आले तर? 'द ग्लोरी' ही मालिका आपल्याला या प्रश्नातून सुचली, असे लेखिकेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये सांगितले.

वाचकहो, हा प्रश्न आपापल्या घरात विचारून पाहा. जेवणाचे ताट पुढे असताना विचारू नका, एवढेच सांगतो.

आम्ही मालिका बघणाऱ्यांपैकी नव्हे. दिवसभर कोर्टात खोटे ऐकल्यावर रात्री पुन्हा पडद्यावर खोटे कशाला बघायचे, असे आमचे मत. पण कॉलेजात शिकणारी पुतणी सुट्टीत राहायला आली आणि तिने आमच्या पत्नीला या कोरियन मालिकांचे वेड लावले. खाली इंग्रजी अक्षरे पळतात, ती वाचता वाचता आम्हीही अडकलो. सोळा भाग आठ दिवसांत संपले. वाद मात्र अजून संपलेला नाही.

कथा थोडक्यात अशी. मून दोंग-उन ही गरीब मुलगी. वर्गातील पाच जणांचे टोळके शाळेच्या व्यायामशाळेत तिला केस कुरळे करायच्या तापल्या चिमट्याने डागते. पोलीस ऐकत नाहीत. शाळा सोडताना ती अर्जावर कारण म्हणून त्या पाचही जणांची नावे लिहिते, तेव्हा वर्गशिक्षक हातातले घड्याळ काढून ठेवतो आणि सगळ्यांसमोर तिला थोबाडीत मारत सुटतो. का? तर त्या कागदामुळे त्याच्या नोकरीला डाग लागेल. मग तिची सख्खी आई पैसे घेऊन दुसऱ्या कागदावर सही करते. कारण लिहिले जाते, मुलीला शाळेत जुळवून घेता आले नाही. मुलगी कारखान्यात राबते, बाहेरून परीक्षा देते, शिक्षिका होते आणि अठरा वर्षांनी टोळीच्या म्होरकीच्या, पार्क यन-जिनच्या, मुलीची वर्गशिक्षिका बनून समोर उभी राहते. यन-जिन तोवर दूरदर्शनवर हवामान सांगणारी प्रसिद्ध बाई झालेली असते. बांधकाम कंपनीचा मालक नवरा, मोठे घर. केलेले आठवत नाही आणि आठवले तरी बोचत नाही.

तापल्या चिमट्याची गोष्ट कल्पनेतली वाटते ना? २००६ मध्ये चोंगजू शहरातील मुलींच्या माध्यमिक शाळेत अशीच घटना घडली होती. मालिका आल्यावर कोरियन वृत्तपत्रांनी ती पुन्हा उकरून काढली.

आमच्या घरात सरळ तीन पक्ष पडले. पुतणीचे म्हणणे, दोंग-उनने केले ते शंभर टक्के बरोबर. पत्नीचे म्हणणे, बरोबर असेल पण त्यात तिचे स्वतःचे आयुष्य गेले, मग जिंकले कोण? आणि आम्ही पडलो वकील. आम्ही म्हणालो, कायदा हातात घेणे कधीही समर्थनीय नाही. त्यावर पुतणी म्हणाली, "काका, कायदा तिच्या हातात दिला कुणी होता? मुख्याध्यापकांच्या हातात होता, पोलिसांच्या हातात होता. त्यांनी तो ठेवला कुठे?"

पोरगी कायदा शिकत नाही, वाणिज्य शाखेला आहे. आम्ही चहा मागितला.

दोंग-उन स्वतः फारसे काही करत नाही. ती त्या पाच जणांमधली जुनी भीती, लोभ आणि मत्सर जागा करते आणि बाजूला होते. पुढचे त्यांचे तेच करतात. पाचांमध्येही वर्ग आहेत. तिघे पैशाच्या घरचे आणि दोघे त्यांची हलकी कामे करणारे, पण त्यांच्या पंक्तीला बसायला धडपडणारे. सगळ्यात आधी मरतो तो या दोघांपैकीच एक, सोन म्यंग-ओ. यन-जिन त्याच्या डोक्यात बाटली घालते. पण तो तेवढ्याने मेलेला नसतो. त्याच टोळक्याने पूर्वी छळलेली आणि त्यांच्याच दुकानात नोकरी करणारी किम ग्यंग-रान तिथे पोहोचते आणि त्याला संपवते. दोंग-उनला हे कळते. ती ग्यंग-रानला झाकते. खुनाचा दोष यन-जिनच्या माथी जातो, आणि आपण तो केलाच आहे अशी यन-जिनचीही समजूत असते.

इथे आमचा वकिली जीव तडफडला. बाटली मारणे हा खुनाचा प्रयत्न म्हणता येईल, पण मरण दुसऱ्या हाताने आले. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा झाली, मग ती शिक्षा भोगणारी बाई कितीही नीच का असेना. पुराव्याचा तुकडा लपवून मिळवलेला निकाल आम्ही न्याय मानणार नाही. उद्या हेच हत्यार कुणाच्या गळ्याला लागेल, हे आम्हाला पोटतिडकीने सांगावेसे वाटते, कारण खोट्या पुराव्यावर आत गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत आणि त्यांत श्रीमंत घरचे जवळजवळ कुणी नव्हते.

मात्र मालिकेतला दुसरा धागा कायद्याच्याच बळावर उभा आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. दोंग-उनच्या आधी सो-ही नावाची मुलगी या टोळक्याची शिकार होऊन मेलेली असते. दोंग-उनच्या अंगावरच्या डागांची फिर्याद मुदतबाह्य झालेली, पण सो-हीच्या खुनाची मुदत संपलेली नाही. कारण कोरियाने २०१५ मध्ये खुनाच्या गुन्ह्याची मुदतच रद्द केली. देगू शहरात १९९९ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलावर ऍसिड फेकले गेले, त्यात तो गेला, आरोपी सापडला नाही आणि मुदत भरत आली, त्या संतापातून हा कायदा झाला. ज्या मुलासाठी झाला त्याच्या प्रकरणाला मात्र तो लागू होऊ शकला नाही.

आमचा दुसरा आक्षेप यन-जिनच्या मुलीबद्दल. ये-सोल. आठ-नऊ वर्षांची पोर, तिने कुणाचे काय बिघडवले? बाई तिच्या वर्गावर येते ती तिच्या आईला घाबरवण्यासाठी. तिचा खरा बाप कोण, हे आईचे गुपितही या लढाईत उघडे पडते. शेवटी ती परदेशी जाते, चांगल्या माणसाबरोबर जाते, पण शाळेतली आवडती बाई आपल्याशी गोड का वागत होती हे तिला कधीतरी कळेलच. सूड घेणारा निरपराधाच्या अंगावरून जाताना पाय हलका टाकतो, पण टाकतोच. या मुद्द्यावर पुतणी पहिल्यांदा गप्प बसली.

पत्नीला सगळ्यात आवडली ती कांग ह्यन-नाम. दुसऱ्याच्या घरी काम करणारी, नवऱ्याचा मार खाणारी बाई. दोंग-उनला ती मदत करते आणि बदल्यात मागते एकच, माझा नवरा मेला पाहिजे. गंमत अशी, की ही बाई हसते. मार खाल्लेल्या तोंडाने हसते, खाते, मिरवते. पीडिताने सतत रडका चेहरा करून बसले पाहिजे, ही आपल्या समाजाची अपेक्षा असते. साक्षीच्या पिंजऱ्यात बाई रडली नाही तर तिच्यावर विश्वास बसायला जड जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता अपराधाच्या भावनेबद्दल. यन-जिनला ती नाही. शेवटी तुरुंगातही तिला दुःख होते ते आपले सगळे गेले याचे. दुसरीकडे दोंग-उन. सूड पूर्ण झाल्यावर ती गच्चीच्या कठड्यावर उभी राहते. जगायचे कारण संपलेले. तिला परत आणते एका डॉक्टरची आई, आणि तीही कोणत्या शब्दावर, तर माझ्या मुलाला वाचव म्हणून. त्या मुलाचा बाप एका क्रूर खुन्याच्या हातून मेलेला आहे. म्हणजे पुढचा सूड तयारच! मालिका तिथे संपते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आम्हाला ते बघून अंगावर काटा आला.

पुतणी म्हणाली, मग तुम्ही 'माय मिस्टर' बघा. २०१८ ची मालिका. तीही बघितली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, ती आम्हाला जास्त मोठी वाटली. ली जी-आन ही मुलगी शाळकरी वयात, आपल्या मुक्याबहिऱ्या आजीला मारणाऱ्या सावकाराला भोसकते. न्यायालय तो स्वसंरक्षणाचा हक्क मानते. कायद्याने ती सुटली. पण सावकाराचा मुलगा ग्वांग-इल तिला सोडत नाही. कर्ज विकत घेऊन तो तिला वर्षानुवर्षे छळतो. बाप मारणारीचा सूड! आणि हाच मुलगा लहानपणी त्याच बापाचा मार खाल्लेला, जी-आनला मारापासून वाचवायला मध्ये पडणारा. बघा, इथे गुन्हेगार कोण आणि पीडित कोण याची उभी रेघ मारताच येत नाही.

जी-आनला न्यायालयाने सोडले तरी तिने स्वतःला सोडलेले नसते. कुणी दोन शब्द गोड बोलले की ती आधीच गृहीत धरते, की आपण माणूस मारला हे कळले की हाही जाणार. मग पार्क दोंग-हून नावाचा तिचा वरिष्ठ, मध्यमवयीन, खाली मान घालून चालणारा इंजिनिअर, ग्वांग-इलशी मारामारी करायला जातो. मार खात असताना त्याला तिचे सत्य कळते. आणि तो ओरडून सांगतो, की माझ्या घरच्यांना कुणी असे मारले असते तर मीही त्याला मारलेच असते. लपून ऐकणारी जी-आन रस्त्यात खाली बसून रडते. तिने केले ते योग्य होते असे प्रमाणपत्र तो देत नाही. तिच्या जागी उभा राहतो, इतकेच. पुढे तिची आजी वारते तेव्हा याच माणसाचा थोरला भाऊ, नोकरी गेलेला, लपवून साठवलेले पैसे काढून अंत्यविधी मोठा करतो. वस्तीतले सगळे जमतात. या मालिकेत दोंग-हूनचा एक बालमित्र बौद्ध भिक्खू आहे, पण तो कुणाला प्रवचन झोडत नाही हे आम्हाला विशेष आवडले.

पडद्याबाहेरही हाच हिशेब चालू होता. 'द ग्लोरी'चा दुसरा भाग १० मार्च २०२३ रोजी आला आणि त्याच दिवसांत दिग्दर्शक आन गिल-हो यांच्यावर आरोप झाला, की १९९६ मध्ये फिलिपिन्समध्ये शिकत असताना त्यांनी शाळकरी मुलांना मारहाण केली होती. आधी त्यांनी नाकारले. दोन दिवसांत वकिलामार्फत कबूल केले आणि माफी मागितली. छळाविरुद्धची मालिका करणारा माणूस! कुणी याला ढोंग म्हणेल. आमचा प्रश्न वेगळा आहे. सोळा भाग चित्रित करताना त्यांना आपले आठवलेच नसेल का?

त्याच्या आधीच्या महिन्यात, फेब्रुवारीत, माजी सरकारी वकील चुंग सून-शिन यांना राष्ट्रीय तपास कार्यालयाचे प्रमुख नेमले गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांच्या मुलाने निवासी शाळेत सहाध्यायाचा छळ केला होता. शाळेने बदलीची शिक्षा दिली, तर हे त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हरले. पण दरम्यान वेळ मिळाला आणि मुलगा देशातल्या सर्वात नामांकित विद्यापीठात पोहोचला. आमच्या व्यवसायबंधूंनी यातून काय शिकायचे ते शिकावे. एप्रिलमध्ये सरकारने जाहीर केले, की गंभीर छळाची नोंद शाळा संपल्यावर दोनऐवजी चार वर्षे ठेवली जाईल आणि २०२६ पासून विद्यापीठ प्रवेशात धरली जाईल. नोंद टिकणार म्हटल्यावर श्रीमंत बाप ती पुसायला आणखी वकील लावणार, हेही उघड आहे.

आणि लेखिकेचे उत्तर? तेही तिने त्या मार्चमध्ये दिले. मुलगी मार खाऊन आलेली परवडेल, म्हणाली, कारण मारणाऱ्यांना नरकाच्या टोकापर्यंत खेचून न्यायला माझ्याकडे पैसा आहे. दोंग-उनकडे तो नव्हता. इतके उघडे सत्य बोलायलाही धाडस लागते.

दोंग-उनच्या आईने सही केली त्या प्रसंगाला आम्ही घरात मोठ्याने शिवी दिली होती. त्या रात्री झोप लागली नाही, त्याचे कारण सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका वसतिगृहातील मुलीला खोलीतल्या मुलींनी फार वाईट छळले होते. बाप शेतमजूर. संस्थेच्या लोकांनी त्याला बोलावून रक्कम सांगितली. तक्रार गैरसमजातून झाली, असा कागद हवा होता. बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, मिटवून टाकू का? धाकटीचं लग्न आहे." आम्ही लढा म्हणायला हवे होते. निदान मिटवू नका म्हणायला हवे होते. आम्ही म्हणालो, "तुमच्या मनाला पटेल तसं करा." हातात त्या वेळी कामे पुष्कळ होती. त्याने सही केली. तो काही दोंग-उनच्या आईसारखा नव्हता, पोरीवर जीव होता त्याचा. कागद मात्र तोच झाला.

दोन वर्षांपूर्वी ती मुलगी एसटी स्टँडवर भेटली. आता नर्स आहे. तिने ओळख दिली, घरच्यांची चौकशी केली. गाडी लागली तेव्हा पिशवी उचलता उचलता तिने विचारले, "साहेब, त्या कागदावर माझी सही नव्हती ना?"

नव्हती, आम्ही म्हणालो. ती बरं म्हणाली आणि गाडीत चढली.