थापी कुणाच्या पिशवीत? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बांधकामाबद्दलचे काही गैरसमज

सकाळी साडेसात-आठला चंद्रपुरातल्या एखाद्या ठिय्यावर थोडा वेळ उभं राहून बघावं. मजुरांच्या घोळक्यात तरुण पोरं कमी नसतात. हातात डबा, खिशात मोबाईल. पण ज्यांच्या पिशवीतून थापीची मूठ आणि ओळंब्याची दोरी डोकावते, ती माणसं माझ्या पाहण्यात तरी पन्नाशीच्या आसपासची किंवा पुढचीच असतात. ठेकेदार येतो, "दोन मिस्त्री, चार कुली" म्हणतो. कुली लगेच गाडीत चढतात. घासाघीस चालते ती मिस्त्र्यांसाठी.

लोक म्हातारे होत चालले, कामगारही म्हातारे होत चालले, मग या दोन जिल्ह्यांत दुकानं, दवाखाने, लॉज, गोदामं बांधायच्या धंद्याचं पुढे काय, असा प्रश्न हल्ली निघतो. त्यावर जी मतं ऐकू येतात त्यातली बरीचशी अर्धवट आहेत, काही साफ चुकीची आहेत.

गैरसमज: म्हातारपण हा केरळचा विषय, आपल्याकडे पोरं उदंड

केरळ पुढे आहे हे खरंच. केंद्र सरकारच्या लोकसंख्या अंदाजानुसार तिथे २०२१ मध्ये साठीपुढच्यांचं प्रमाण १६.५ टक्के होतं. पण महाराष्ट्रही ११.७ टक्क्यांवर होता आणि २०३१ पर्यंत १५ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. राज्यात एका बाईमागे सरासरी मुलं १.७, म्हणजे पिढी जागेवर राहायला लागतात त्या २.१ पेक्षा बरीच कमी. हा आकडा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे.

चंद्रपूरची गोष्ट त्याआधीच दिसू लागली होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, चंद्रपूर जिल्ह्याची मात्र ६.४ टक्क्यांनीच. गडचिरोलीची १०.६ टक्के. कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद असं सगळं असलेला जिल्हा, पण शिकलेली पोरं नागपूर, पुणे, हैदराबादची गाडी धरतात आणि मागे आईबाप राहतात. दोन्ही जिल्हे एका दमात उच्चारायची सवय आपल्याला आहे, १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता म्हणून असेल. वयाच्या बाबतीत मात्र दोघांना एकाच मापानं मोजू नये. घुग्घुस किंवा बल्लारपूरच्या कामगार वसाहतीतलं घर आणि एटापल्लीच्या पाड्यावरचं घर, दोन्हीकडचा म्हातारा वेगळा जगतो.

गैरसमज: लोक म्हातारे झाले की बांधकाम थंडावणार

इथलं व्यापारी बांधकाम लोकांच्या वयावर फारसं चालत नाही. ते चालतं पैसा कोण आणतो यावर, आणि पैसा आणतात खाणी, कारखाने आणि सरकार. माजरी, दुर्गापूर, घुग्घुसच्या बाजारपेठा कोळशाच्या आणि कारखान्यांच्या भरवशावर उभ्या राहिल्या. आता सुरजागडचं लोहखनिज निघतंय, चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीत पोलाद प्रकल्प आलाय, तर त्या रस्त्यानं मेस, लॉज, गॅरेज, टायरची दुकानं उगवतात. त्यासाठी कुणी जनगणनेची वाट पाहत नाही. आणि खाण संपली की तोच बाजार ओस पडतो, मग गावात पोरं कितीही असोत.

वयानं बदलतं ते काय बांधायचं हे. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, गडचिरोलीला २०२४ मध्ये. असं महाविद्यालय आलं की भोवती तपासणी केंद्रं, औषधांची दुकानं, नातेवाइकांसाठी खोल्या, खानावळी येतात. दुसरीकडे कोळसा खाणीतून, वीज केंद्रातून, सिमेंट कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. त्याचं पेन्शन लहान असेल, पण धान बुडालं म्हणून ते थांबत नाही. दुकानदाराच्या दृष्टीनं हे पक्कं गिऱ्हाईक. त्याला डॉक्टर जवळ हवा, बँक तळमजल्यावर हवी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शोरूमशी त्याला काही घेणंदेणं नाही. तरी आपल्याकडे आजही तळमजल्यावर कपड्यांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर हाडांचा डॉक्टर!

गैरसमज: जुने मजूर थकले, नवे आळशी, म्हणून माणसं मिळत नाहीत

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात जास्त अन्याय करणारा गैरसमज.

इथल्या मजुराचं वर्ष बांधकामाच्या कॅलेंडरवर चालत नाही. जुलै-ऑगस्टात धानाचा रोवणा. तेव्हा अख्खं गाव चिखलात असतं, त्या दिवसांत स्लॅबची तारीख धरणारा ठेकेदार एक तर नवखा असतो नाहीतर बाहेरचा. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी. फेब्रुवारी उजाडला की कुटुंबंच्या कुटुंबं गोदावरीपलीकडे तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० च्या टाळेबंदीत हेच लोक डोक्यावर बोचकं घेऊन, प्राणहिता-गोदावरी ओलांडून पायी परत येताना साऱ्यांनी पाहिले. मार्च-एप्रिलात मोहफूल, त्याच्यामागे तेंदूपत्ता. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, पण रोख पैशाचा. शिवाय सकाळी पानं तोडायची आणि दुपारी घरच्या सावलीत पुडके बांधायचे. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा कुणीही शहाणा माणूस स्लॅबवर उभं राहण्यापेक्षा हेच निवडेल. त्याला आळस म्हणायचं तर हिशेब म्हणायचं कशाला?

म्हणजे हातांचा तुटवडा बराचसा हंगामी आहे. खरा तुटवडा आहे तो मिस्त्र्यांचा, आणि तो बारमाही आहे.

मिस्त्री तयार कसा होतो ते पाहिलं की कारण कळतं. पोरगा घमेलं उचलायला येतो. वर्ष-दोन वर्षं माल कालवतो, विटा देतो. मग एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री त्याच्या हाती थापी देतो आणि मागच्या भिंतीचे दोन थर लावू देतो. वाकडे आले तर पाडतो. या शिकवणीचे पैसे कुणी कुणाला दिले नाहीत. रोजंदारीच्या कामात तेवढी ढील असायची, म्हणून ती चालायची. आता चौरस फुटाच्या ठेक्यानं काम चालतं. पाडून परत बांधलेल्या थराचं नुकसान मिस्त्र्याच्या खिशातून जातं, म्हणून तो थापी हातातून सोडत नाही. पोरगा पाच वर्षांनंतरही कुलीच राहतो, आणि मग पोलीस भरतीच्या मैदानावर धावायला लागतो किंवा खाणीवर डंपर चालवायला जातो. त्यात त्याचं काय चुकलं?

शिकवायची सोय अजिबात नाही असं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आहे, तेही खऱ्या घराच्या कामावर. कल्पना चांगली. पण ४५ दिवसांत खोलीभर घराचा गवंडी तयार होतो. तीन मजली दवाखान्याचं प्लास्टर आणि फरशी उतारासकट पेलणारा होत नाही.

"बिहारवाले आहेत ना," असं म्हणून विषय संपवणारेही भेटतात. आहेत, आज आहेत. पण बिहारमध्येही एका बाईमागे मुलांचं प्रमाण त्याच कुटुंब आरोग्य पाहणीच्या एका फेरीपासून दुसरीपर्यंत ३.४ वरून ३ वर आलंय, उत्तर प्रदेशात २.७ वरून २.४ वर. शिवाय त्या गवंड्यांना मुंबई आहे, हैदराबाद आहे, सुरत आहे. आरमोरीच्या गाळ्यांसाठी ते जन्मभर थांबतील असं कशावरून?

गैरसमज: यंत्रं आली की वयाचा प्रश्नच मिटला

खोदाई जेसीबीनं केली, माल मिक्सरनं कालवला, पत्र्याची शेड क्रेननं उभी केली, इथवर खरं. कोनसरीसारख्या ठिकाणी लोखंडी सांगाड्याची मोठी गोदामं थोडक्या माणसांत उभी राहतात. पण तयार काँक्रीट भारतीय मानकानुसार गाडीत भरल्यापासून दोन तासांत ओतावं लागतं. भामरागडला ते पोचवून दाखवा! पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तिकडे माणूससुद्धा पोचत नाही. आणि प्लास्टर, फरशी, नळकाम, चौकटी ही कामं अजून हातानंच होतात.

यंत्राआधी बदलता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सिमेंटची गोणी. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, घुग्घुस, आपलेच कारखाने, आणि त्यांतून निघते ती ५० किलोची गोणी. युरोपातल्या बऱ्याच देशांत ती २५ किलोची असते, कारण त्याहून जड ओझं रोज पाठीवर घेतलं की कंबर जाते हे तिथे मान्य झालंय. पंचवीस वर्षांच्या पोराला ५० किलोचं काही वाटत नाही. पंचावन्नच्या माणसाला वाटतं, पण तो बोलत नाही. बोलला तर उद्या ठिय्यावरून त्याला कुणी उचलणार नाही. तीच गत उन्हाची. वय वाढलं की घाम येऊन अंग थंड करण्याची शरीराची ताकद कमी होते, तहानही उशिरा लागते. उन्हाळ्यात सहा ते अकरा काम करून दुपार सोडायची पद्धत काही ठेकेदार पाळतात. त्यांची कामं रखडलेली मी तरी पाहिली नाहीत.

गैरसमज: जंगल जिल्हे, इथे बांधायला जागाच नाही

जागा आहे, कागद अवघड आहेत. झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन वनच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात स्पष्ट केलं; १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपांना नियमित होण्याची वाट ठेवली, नंतरच्यांची तपासणी कडक केली. पूर्व विदर्भाच्या सहाही जिल्ह्यांना ते लागू आहे. दुसऱ्या बाजूनं वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान अशा १३ गावसुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं प्रत्येकी एक हेक्टरच्या आतली वनजमीन मिळू शकते. प्लॉट घेताना सातबाऱ्यावरचा शेरा वाचा, एवढं पुरे.

गैरसमज: म्हाताऱ्यांसाठी रॅम्प केला की झालं

बाजारातल्या दुकानांपुढचे रॅम्प पाहा. ते मोटारसायकल वर चढवायला केलेले असतात. नियमातला उतार एकास बारा. म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांब रॅम्प. चंद्रपुरात इरई आणि झरपटच्या पुराच्या भीतीनं सखल भागात जोतं आणखी वर घेतात, तीन फूट धरलं तर छत्तीस फूट. एवढी जागा रस्त्यालगतच्या गाळ्यात नंतर काढता येत नाही. नकाशातच धरावी लागते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात नियमाप्रमाणे सोय नसलेल्या इमारतीला बांधकामाची परवानगीही द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही असं लिहिलंय. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत. कायद्याचा तुटवडा नाही. पायरीची उंची सारखी ठेवणं, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, स्वच्छतागृहात घसरणार नाही अशी फरशी, यांना खर्च नगण्य लागतो. मिस्त्री मात्र चांगला लागतो. सारख्या उंचीच्या बारा पायऱ्या काढणं हे हाताचं काम आहे.

गैरसमज: नोंदणी केली म्हणजे कामगाराचं म्हातारपण सुटलं

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी १८ ते ६० वर्षांच्या माणसाची होते, वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर. मंडळाकडे पैसा येतो तो बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून. पेट्या, भांडी, मुलांची शिष्यवृत्ती हे सगळं साठीच्या आतल्यांसाठी. साठीनंतरच्या पेन्शनची घोषणा २०२५ मध्ये झाली: दहा वर्षं नोंदणी असेल तर वर्षाला ६,०००, पंधरा वर्षांना ९,०००, वीस वर्षांना १२,००० रुपये. वर्षाला, महिन्याला नव्हे. आणि राज्याचे बांधकाम कामगार कायद्याखालचे नियमच २००७ चे आहेत, तेव्हा वीस वर्षांची नोंदणी घोषणेच्या वेळी कुणाचीच असू शकत नव्हती. त्यात रोवण्याला, मिरचीला, तेंदूला जाणाऱ्या माणसानं एका ठेकेदाराकडून ९० दिवस लिहून आणायचे. ग्रामसेवकही तो दाखला देऊ शकतो, पण हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

म्हणून साठीनंतर मिस्त्री घरी बसत नाही. आधी तो उंचावर चढणं सोडतो, मग स्लॅबची कामं सोडतो, आणि शेवटी साइटवर चौकीदार म्हणून राहतो. गोण्या मोजतो, संध्याकाळी भिंतींवर पाणी मारतो. पिशवी खाटेखाली असते. एखाद्या पोराचा कोपरा वाकडा चाललेला दिसला की तो उठतो, ओळंबा सोडून दाखवतो, दोन विटा काढून नीट बसवून देतो आणि परत खाटेवर जाऊन बसतो. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे चौकीदारीचाच रोज लागतो.