रॉकेट ढकलतं तरी कशाला? राधानगरीहून आलेले दोन प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कापलेत, बाकी सगळं तसंच आहे.

राधानगरीहून नववीतल्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. ती विचारते, "दादा, वर अवकाशात हवाच नाही, मग रॉकेट ढकलतंय कशाला?" मागून तिच्या आजोबांचा आवाज येतो, "आणि त्याचा आमाला उपयोग काय, ते बी विचार!" आजचा भाग या दोन प्रश्नांवर.

हवेवर रेटा नाहीच

आधी मुलीचा प्रश्न. रॉकेट हवेला ढकलत नाही. ते आपल्याच पोटातला वायू ढकलतं. वायू जोरात खाली गेला की त्याची प्रतिक्रिया म्हणून रॉकेट वर जातं. हा न्यूटनचा तिसरा नियम. उलट हवा असली की तिचा अडथळाच होतो.

आता हिशोब करू, आणि तो राधानगरीच्या धरणावरच करू. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यातला एक उघडला की सुमारे १४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणजे सेकंदाला जवळपास ४० टन! या पाण्याचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर वस्तुमान गुणिले वेग करून रेटा येतो साधारण ४० टन वजनाइतका.

इस्रोचं 'विकास' इंजिन सेकंदाला फक्त पाव टनाच्या आसपास वायू बाहेर टाकतं. पण त्या वायूचा वेग असतो सेकंदाला पावणेतीन किलोमीटरच्या घरात. म्हणून रेटा येतो सुमारे ७० टनांचा. दरवाजापेक्षा दीडपटीहून जास्त, आणि तोही त्याच्या दीडशेव्या हिश्श्याइतक्या मालात. रॉकेटची सगळी करामत या वेगात आहे.

बरं, हवा नसताना इंधन जळतं कसं? विमान ऑक्सिजन हवेतून घेतं. रॉकेट इंधनासोबत ऑक्सिडायझरही पाठीवर घेऊन निघतं. त्यामुळेच ते इतकं जड होतं.

आणि ही शंका फक्त नववीतल्या मुलांनाच येते असं समजू नका. १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रॉबर्ट गोडार्ड यांची याच मुद्द्यावरून खिल्ली उडवली होती. गोडार्ड यांनी १९२६ मध्ये द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. वर्तमानपत्राने चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी!

बाणापासून थुंब्यापर्यंत

आपल्याकडे रॉकेटला जुना शब्द आहे 'बाण'. अठराव्या शतकात मराठी फौजांतही बाण होते. पण मैसूरच्या हैदर आणि टिपूने दारू लोखंडी नळीत भरली. नळी मजबूत, त्यामुळे आतला दाब जास्त आणि पल्लाही जास्त. १७८० मध्ये पोलिलूरला इंग्रजांना त्याचा चांगलाच तडाखा बसला. पुढे तेच बाण बघून विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडमध्ये स्वतःची रॉकेटं बनवली.

मग थेट २१ नोव्हेंबर १९६३. केरळात थुंब्याहून 'नायकी-अपाची' उडालं. रॉकेट अमेरिकेचं, पण त्या कामात पुण्याचे प्रमोद काळे होते. घन इंधन इथेच बनवण्याच्या कामात पुण्याचेच डॉ. वसंत गोवारीकर पुढे होते. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला, तेव्हा गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. आजही 'विकास' इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये तयार होतात आणि रॉकेट मोटरची कवचं वालचंदनगरला.

आजोबांचा प्रश्न

आता उपयोग. ८ सप्टेंबर २०१६ ला जीएसएलव्ही-एफ०५ उडालं. वजन सुमारे ४१५ टन. त्याने वर नेलेला इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह फक्त २२११ किलोचा. म्हणजे दोनशे किलोमागे एक किलो सामान! बाकी सगळं इंधन, टाक्या आणि इंजिनं. रिकामी टाकी उगाच का वाहायची, म्हणून रॉकेट टप्प्याटप्प्याने एकेक भाग टाकत जातं.

हा उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून आपल्याकडे बघत असतो. अरबी समुद्रावरून सह्याद्रीकडे येणारे ढग त्याला दिसतात. आजोबा, तुमच्या धरणाचे दरवाजे पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात. पण उद्या दाजीपूरच्या जंगलात किती कोसळणार, हे दरवाजाला कळत नाही. भोगावतीचं पाणी पुढे पंचगंगेत जातं. २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. जनावरं सोडायची, धान्य माळ्यावर चढवायचं, म्हातारी माणसं हलवायची, या सगळ्याला काही तास तरी हातात लागतात.

पूर आल्यावर आणखी एक अडचण असते. वर ढग, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याला खालचं काही दिसत नाही. तिथे रडार उपग्रह कामाला येतो. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीसुद्धा. फेब्रुवारी २०२२ मध्ये पीएसएलव्हीने नेलेला ईओएस-०४ हा असाच. पाणी कुठपर्यंत पसरलंय, हे त्यावरून नकाशावर काढता येतं.

अर्थात उपग्रह पूर थांबवत नाही. पाऊस मोजायला जमिनीवरची पर्जन्यमापकं लागतातच, आणि इशारा मिळाल्यावर हलायचं तर आपल्यालाच आहे.

जाता जाता एक प्रयोग. खोलीत दोरी ताणून बांधा, त्यात स्ट्रॉ ओवा, स्ट्रॉला फुगवलेला फुगा चिकटवा आणि तोंड सोडा. एकदा अर्धा फुगवून बघा, एकदा पूर्ण. कुठवर गेला ते मोजा आणि आकडे मला पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोपर्यंत काळजी घ्या!