नल्लीत न लिहिलेलं

माझ्या पेटीच्या तळाशी एक जुनी पुस्तिका आहे. कोपरे झिजलेत, पानांना रंगाचा आणि तेलाचा वास अजून येतो. सरकारदरबारी तिचं नाव कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, आम्हां खलाशांच्या तोंडी नल्ली. हा दाखला पूर्वी गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवत, त्यावरून हे नाव पडलं, असं जुनी माणसं सांगत. नल्लीतली एक नोंद म्हणजे एक सफर : जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, हुद्दा. शेवटी दोन शिक्के, एक कामाचा आणि एक वागणुकीचा. माझ्या नल्लीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोन्हीकडे ‘व्हेरी गुड’ आहे. माझ्याबरोबरच्या बहुतेकांच्या नल्लीतही तेच होतं.

परवा नातवाने विचारलं, “आजोबा, तुम्ही बोटीवर नेमकं काय करायचात?” मी नल्ली त्याच्या हातात दिली. त्याने पानं चाळली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याचं बरोबर होतं. आमचं खरं काम तिच्यात लिहिलेलंच नाही.

मी दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. गुजरातेत नवलखीला खलाशाचं शिक्षण घेतलं आणि मुंबईत गावकीच्या खोलीत पथारी टाकून जहाजावर नंबर लागायची वाट पाहिली. गोव्याची मुलं धोबीतलावाला आपापल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात राहून अशीच वाट पाहत. 1973 साली नंबर लागला. जहाज मालवाहू, पाच फाळक्यांचं. फाळका म्हणजे माल उतरवायच्या कोठाराचं तोंड. माणसं साठच्या आसपास. डेकवर बरेचसे रत्नागिरी किनाऱ्याचे, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. जेवणाखाण्याच्या खात्यात गोयंकार. इंजिनात अनेक प्रांतांचे.

जहाजावर माणसाला नावाने क्वचितच हाक मारत. हुद्दा हेच नाव. डेकच्या माणसांचा मुकादम तो सारंग, त्याचा उजवा हात तांडेल. आमच्या गावच्या मच्छीमार होडीवर तांडेल सर्वांत वरचा, इथे तो दुसरा, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला. दोर, रंग, अवजारं सांभाळणारा कसाब. चक्रावर उभा राहणारा सुकाणी. स्वयंपाकी तो भंडारी. पहिला अधिकारी बडा मालिम. आगिल म्हणजे नाळेकडची बाजू, जमना उजवी, डावा डावी. क्रेनवाल्याला ‘हबेस’ ओरडलं की माल वर आणि ‘आरिया’ ओरडलं की खाली. यातला ‘आरिया’ पोर्तुगीज खलाशांकडून आलेला. सारंग हा शब्द फारसी, सुकाणी अरबी. अरबी समुद्राच्या काठाकाठाने शेकडो वर्षं माणसं एका दोराला हात लावत आली, त्याचा पुरावा या बोलीत आहे.

रोजचं काम मात्र गंजाशी. खारं पाणी लोखंडाला एक दिवसही विसावा देत नाही. सकाळी कामाला लागलो की हातात ठोकणी. गंजाचे पापुद्रे ठोकून काढायचे, तारेच्या ब्रशने घासायचं, चकचकीत धातू दिसला की त्याच दिवशी शेंदरी रंगाचा पहिला हात. तो उद्यावर टाकला तर रात्रीचं दव बसून सगळी मेहनत वाया. मग दुसरा थर, मग वरचा रंग. आगिलपासून सुरुवात करून मागच्या टोकाला पोचेपर्यंत आगिलचं डेक पुन्हा लालसर झालेलं असे. पहिल्या महिन्यात मी एका पाइपाच्या मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूला गंजावरच रंग फासला. सारंगचाचांनी त्या जागी बोट फिरवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, “बाला, मालिम बगतो पुढून, दर्या बगतो मागून.” तेवढा पाइप मी पुन्हा ठोकला. पुढे मी स्वतः सारंग झालो, तेव्हा नव्या पोरांना मीही हेच वाक्य ऐकवलं.

दोराचं शिक्षण त्याहून कडक. धक्क्याला जहाज बांधताना हजारो टनांचं जहाज दोन-चार दोरांनी आवरायचं असतं. जुना मनिला दोर तुटण्याआधी करकरतो, माणसाला सावध करतो. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणत जातो आणि तुटला की चाबकासारखा उलट फिरतो. म्हणून दोन नियम : दोराच्या वेटोळ्यात पाय नको, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. एका बंदरात मी दोन्ही नियम एकाच वेळी मोडले. वारा धक्क्यावरून समुद्राकडे होता, जहाज दूर ढकललं जात होतं, आणि मी विंचपाशी दोर आवरण्यात गढून गेलो होतो. तांडेलाने मागून माझ्या कमरेला धरून मला डेकवर आडवं केलं. त्याच क्षणी दोर तुटला आणि त्याचं टोक मी उभा होतो तिथल्या कठड्यावर आपटलं. लोखंडी कठडा वाकला. तांडेल उठला, हात झटकले आणि दुसरा दोर आणायला गेला. त्या सफरीपुढेही नल्लीत ‘व्हेरी गुड’ आहे. त्यातलं किती माझं आणि किती तांडेलाचं, ते शिक्का सांगत नाही.

ती वर्षं सुएझ बंद असण्याची. जून 1967 च्या युद्धात कालवा बंद झाला तो 5 जून 1975 ला उघडला. मधली आठ वर्षं मुंबईहून युरोपला जायचं तर सगळ्या आफ्रिकेला वळसा. लंडनच्या वाटेत चार हजारांहून जास्त सागरी मैल वाढत. मॉरिशसला पोर्ट लुईत आम्ही तेल-पाणी घेतलं. तिथे एक म्हातारा गोदी कामगार आमची बोली ऐकून थबकला आणि जुन्या वळणाच्या मराठीत बोलू लागला. त्याचे पूर्वज ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेले, रत्नागिरीकडचे. त्याने गावाचं नाव सांगितलं. सारंगचाचांना ते गाव माहीत होतं. दोघं धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर बसून ज्या माडांबद्दल बोलले, ते त्या म्हाताऱ्याने जन्मात पाहिले नव्हते.

पुढे केप ऑफ गुड होप. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीशी भारताने 1946 पासून व्यापार तोडलेला, त्यामुळे तिथल्या बंदरात थांबणं नाही. त्या किनाऱ्याने अगुल्हास नावाचा जोरदार प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो. समोरून नैर्ऋत्येचा वादळी वारा आला की पाणी आणि वारा एकमेकांना भिडतात आणि लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. आमच्या जहाजाचे फाळके जुन्या पद्धतीचे : लाकडी फळ्या, त्यावर ताडपत्र्या, कडेला लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्या आवळायला लाकडी पाचरी. पाचर ठोकताना जाड टोक आगिलकडे हवं, म्हणजे पुढून येणारं पाणी तिला सैल करण्याऐवजी घट्ट करतं. पहाटे दोन नंबरच्या फाळक्यावरच्या काही पाचरी निघालेल्या दिसल्या. ताडपत्री फाटली असती तर कोठारात पाणी शिरलं असतं.

कॅप्टनने वेग कमी करून जहाजाचं तोंड थोडं वळवलं, तेवढाच आडोसा. सारंग, तांडेल आणि मी कमरेला दोर बांधून पुढे गेलो. सारंगचाचा लाटा मोजत. मोठी येताना दिसली की एकच शब्द, “धर!” मग छातीपर्यंत पाणी, कानात फक्त गरगर, आणि माझ्या पट्ट्यात तांडेलाची मूठ. पाणी ओसरलं की दोन घाव, पुन्हा “धर!” अठ्ठावीस पाचरी ठोकायला दीड तास लागला. परत आलो तेव्हा भंडाऱ्याने चहाचा टोप चुलीला दोरीने बांधून उकळत ठेवला होता. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

दुसऱ्या एका सफरीत, बंदर नऊ दिवस दूर असताना, रेडिओ ऑफिसर तार घेऊन आला. वडील गेले होते. भर समुद्रात माणूस कुठे जाणार? कसाबचाचांनी मला दोरांच्या कोठडीत नेलं, समोर नवा दोर टाकला आणि म्हणाले, “डोळा गुंफ.” डोळा म्हणजे दोराच्या टोकाला विणलेला फासा. दोराचे पदर सोडवायचे, वळवून एकाखालून एक ओवायचे, प्रत्येक वेळी सारख्या ताकदीने ओढायचं. हात थरथरले तर पदर सैल पडतो. ते शेजारी बसून राहिले, बोलले नाहीत. रात्र संपली तेव्हा डोळा पुरा झाला होता. नऊ दिवसांनी जहाज त्याच दोराने धक्क्याला बांधलं.

मग कंटेनर आले. 1989 साली मुंबईसमोर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. पूर्वी बंदरात दहा-पंधरा दिवस जात, तिथे आता तास मोजू लागलो. फाळक्याच्या फळ्या गेल्या, पाचरी गेल्या, साठ माणसांची जागा वीस-बावीस जणांनी घेतली. काम सुरक्षित झालं, हे चांगलंच झालं. तांडेल आणि कसाब हे हुद्दे मात्र माझ्या डोळ्यांदेखत नोंदीतून गेले.

मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांचं वसतिगृह आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. उतारवयात मी तिथे जाऊन उभा राहिलो. युद्धात बुडालेल्यांची निदान आठवण ठेवली गेली. जे आयुष्यभर दुसऱ्याला बुडू न देता घरी परतले, त्यांच्या वाट्याला शिक्का आला.

माझे सारंगचाचा, तांडेल, कसाबचाचा तिघेही आता नाहीत. नातवाला मी वही आणायला लावली. रोज नल्लीतली एक नोंद वाचतो आणि त्या जहाजावर माझ्याशेजारी कोण उभा होता ते त्याला लिहायला सांगतो, नाव-गावासकट. कोकणात, गोव्यात कित्येक घरांच्या पेट्यांत अशा नल्ल्या पडून आहेत. तुमच्या घरात असेल तर ती उघडा, आणि ज्याची आहे तो माणूस असेपर्यंत त्याच्यापाशी बसा. जहाजाचं नाव त्यात सापडेलच. तुमचा सारंग कोण होता, एवढं त्याला विचारा आणि लिहून ठेवा.